एकाच सुराचे चार तुकडे: जाचिंतो शेल्सींच्या ‘क्वात्रो पेत्सी’बद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं मी ही रचना गाणं शिकणाऱ्या आणि गाणं मनापासून ऐकणाऱ्या मैत्रिणींना, त्यांच्या मुलांना, क्वचित पाहुण्यांनाही ऐकवत आले आहे. ऐकून झाल्यावर येणारे प्रश्न बहुतेक तेच असतात. त्यांची उत्तरं एकदा नीट लिहून काढावीत म्हणून हे पान.

ही रचना नेमकी कोणती?

इटालियन संगीतकार जाचिंतो शेल्सी यांची १९५९ सालची वाद्यवृंदासाठीची रचना. इटालियनमधलं पूर्ण नाव ‘क्वात्रो पेत्सी पेर ऑर्केस्ट्रा, चास्कूनो सु ऊना नोता सोला’. अर्थ सरळ आहे: वाद्यवृंदासाठी चार तुकडे, प्रत्येक तुकडा एकाच सुरावर. चार स्वतंत्र भाग, वादक सव्वीस, वेळ सगळी मिळून साधारण पंधरा मिनिटं. पहिला प्रयोग डिसेंबर १९६१ मध्ये पॅरिसला झाला, मॉरिस ल रू यांच्या संचालनाखाली.

कोणते चार सूर? हार्मोनियमवर सापडतील का?

सापडतील, आणि रचना लावण्याआधी ते जरूर वाजवून बघा. पहिला भाग पांढरी चारवर आहे, दुसरा पांढरी सातवर, तिसरा काळी चारवर आणि चौथा पांढरी सहावर. पाश्चात्त्य नावं घ्यायची तर एफ, बी, ए फ्लॅट आणि ए. पहिल्या दोन सुरांमधलं अंतर मध्यमापासून निषादापर्यंतचं, म्हणजे कानाला टोचणारं. शेवटचे दोन मात्र एकमेकांना खेटून आहेत. चार भाग लागोपाठ ऐकताना हे अंतर जाणवतं. एका सुरात चारेक मिनिटं बुडून बाहेर आल्यावर दुसऱ्या सुराची पहिली आस आली की खोलीतला उजेड बदलल्यासारखं होतं.

खरोखर एकच सूर? मध्ये दुसरं काहीच नाही?

पियानोच्या पट्टीएवढाच सूर तुम्ही धरत असाल, तर नाही. शेल्सी तो सूर खालच्या-वरच्या सप्तकांत पसरवतात. त्याला पाव स्वराने चढवतात, पाव स्वराने उतरवतात, कधी शेजारच्या सुरापर्यंत ओढत नेतात आणि परत आणतात. कंप घालतात: कधी बारीक आणि जलद, कधी रुंद आणि संथ. एक वाद्य थांबायच्या आत दुसरं त्याच जागी येतं, आणि सूर तोच राहून त्याचा रंग बदलतो. पितळी वाद्यांच्या तोंडाला म्यूट, म्हणजे आवाज दाबणारं बूच, लावला की तोच सूर नाकातून आल्यासारखा होतो, काढला की छातीतून.

पण धून नाही, तालाचं आवर्तन नाही, स्वरसंगतींची मांडणी नाही. पाश्चात्त्य संगीतात ज्या गोष्टींनी रचना पुढे जाते त्या सगळ्या बाजूला ठेवल्या आहेत. उरतो तो सूर आणि सुराच्या आत चाललेली हालचाल.

मग कंटाळा येत नाही का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून इथे जरा थांबते.

माझ्या गाण्याच्या बाईंकडे सकाळी सहाला शिकवणी असायची. पहिला पाऊण तास फक्त खर्ज, म्हणजे खालचा सा. मी तेरा वर्षांची होते, मला बंदिशी हव्या होत्या. बाई तानपुरा माझ्या मांडीवर देत आणि म्हणत, “सूर लाव. लागला की मला सांग.” मी पहिल्या मिनिटालाच सांगायची, लागला म्हणून. बाई मान हलवत. कित्येक महिन्यांनी एके दिवशी खर्जाची तार छेडल्यावर वर कुठेतरी गंधार वाजतोय असं ऐकू आलं. गंधाराची तार तानपुऱ्यावर नव्हतीच. मी दचकून बाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, “आता ऐकू आलं ना?”

तो स्वयंभू गंधार. खर्जाच्या तारेची जी मूळ कंपनं, त्यांच्या पाचपट कंपनांचा सूर त्याच तारेत दडलेला असतो. जवारी, म्हणजे तार घोडीला हलकेच घासण्याची जुळणी, नीट लागली असेल, घोडीवरचा धागा जागेवर असेल, तर तो उमलून वर येतो. म्हणजे एक सूर हा कधीच एक नसतो. त्याच्या पोटात दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनांचे सूर असतात, आणि कोणता किती पुढे येतो यावर बासरीचा सा वेगळा ठरतो आणि सनईचा वेगळा.

शेल्सींचं म्हणणं हेच होतं. सूर गोल आहे, असं ते सांगत. आपण त्याची फक्त उंची आणि लांबी मोजतो, आणि खोली नावाची तिसरी मिती सोडूनच देतो. ‘क्वात्रो पेत्सी’ ही त्या खोलीत उतरण्याची रचना आहे. ज्याने कधी भरल्या तानपुऱ्याजवळ डोळे मिटून बसून पाहिलं आहे, त्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. आपल्या भाषेत तर सूर ‘लागतो’. लागणं ही घडणारी गोष्ट आहे, आणि इथे पंधरा मिनिटं तीच घडत असते.

ऐकताना मध्येच आवाज थरथरतो, घासल्यासारखा होतो. ते मुद्दाम आहे की वादकांचा सूर हलला?

मुद्दाम आहे, आणि मला त्यातच या रचनेचा प्राण वाटतो. दोन तानपुरे अगदी किंचित फरकाने जुळवले तर आवाजात ‘वॉव-वॉव’ अशी लाट येते, हे आपल्या परिचयाचं आहे. एका तारेची सेकंदाला २२० कंपनं आणि दुसरीची २२२ असतील, तर सेकंदाला दोन लाटा येतात. आता एक वादक पांढरी सहा धरून आहे आणि दुसरा त्याच सप्तकात पाव स्वर वर सरकला, म्हणजे २२० आणि साधारण २२६, तर सेकंदाला सहा लाटा. तो थरथराट झाला. हेच एक सप्तक वर घडलं तर लाटा तेराच्या आसपास जातात आणि कानाला खरखर जाणवू लागते.

म्हणजे सूर किती हलवायचा आणि कोणत्या सप्तकात हलवायचा, एवढ्यावरून लाट, थरथर आणि खरखर अशा तीन वेगळ्या जाती मिळतात. शेल्सी लयीचं काम या लाटांकडून करून घेतात. ताल धरायला हात उचलाल तर काही सापडणार नाही. सुराच्या आतली ती धडधड ऐका.

कोण होते हे शेल्सी?

जन्म ८ जानेवारी १९०५, इटलीतल्या ला स्पेत्सिया शहराजवळच्या पितेल्ली गावात. घराणं सरदारांचं, पोटापाण्याची चिंता नाही. तरुणपणी जिनीव्हा आणि व्हिएन्नात शिकले. व्हिएन्नात संगीतकार श्योनबर्ग यांचे शिष्य वाल्टर क्लाइन यांच्याकडून बारा सुरांची, म्हणजे बाराही सुरांना सारखा मान देणारी, पद्धत समजून घेतली. फ्रेंचमध्ये कविताही लिहिल्या. आयुष्याचा उत्तरार्ध रोममध्ये, सान तेओदोरो रस्त्यावरच्या आठ क्रमांकाच्या घरात गेला. समोर जुन्या रोमचे अवशेष. पूर्व आणि पश्चिम यांची सीमारेषा इथूनच, माझ्या घराजवळून जाते, असं ते म्हणत.

फोटो काढू देत नसत. फोटोऐवजी एक खूण देत: आडवी रेघ आणि तिच्यावर वर्तुळ. स्वतःला संगीतकार म्हणवून घेणंही त्यांना मान्य नव्हतं. आपण निरोप पोचवणारे आहोत, एवढंच त्यांचं म्हणणं. ९ ऑगस्ट १९८८ रोजी ते रोममध्ये वारले.

एका सुराकडे ते वळले कसे?

चाळीसच्या दशकाच्या अखेरीला त्यांना मानसिक आजाराने गाठलं. लग्न मोडलं होतं, उपचार लांबले होते. त्या दिवसांत ते पियानोसमोर बसून एकच पट्टी दाबत, तिचा आवाज विरेपर्यंत ऐकत, पुन्हा दाबत. ही हकीकत त्यांनी स्वतःच सांगितलेली आहे. पुढे त्यांचं सगळं महत्त्वाचं काम त्या पट्टीतून निघालं.

काळही लक्षात घ्या. पन्नासच्या दशकात युरोपातले तरुण संगीतकार बाराही सुरांना सारखा मान देऊन त्यांच्या रांगा, लांबी, जोर सगळं गणिताने बांधत होते. सूर म्हणजे कागदावरचा ठिपका, आणि ठिपक्यांची मांडणी म्हणजे रचना. शेल्सी ही पद्धत आधीच शिकून, वापरून बाहेर पडले होते. इतरांच्या हातात बारा सूर असताना त्यांनी एक उचलला. यात मला बंडखोरीचा आव कुठेच दिसत नाही. दिसते ती बऱ्या होणाऱ्या माणसाची चिकाटी.

ही रचना त्यांनी लिहिली कशी?

नेहमीच्या अर्थाने कागद-पेन्सिल घेऊन लिहिली नाही. त्यांच्याकडे ओंदिओला नावाचं विजेवर चालणारं छोटं कीबोर्डसारखं वाद्य होतं. पट्ट्या मोजक्याच, पण फिरवायच्या खुंट्या होत्या. त्यांनी सूर थोडासा वर-खाली सरकवता येई, कंप कमी-जास्त करता येई, रंग बदलता येई. पियानोवर जे अशक्य होतं, ते दोन पट्ट्यांच्या मधल्या जागेत जाणं, इथे जमत होतं.

रात्रीच्या शांततेत बसून ते वाजवत आणि टेपरेकॉर्डरवर मुद्रित करत. मग त्या फिती ऐकून कोणीतरी त्यांचं स्वरलेखन करी आणि शेल्सींच्या देखरेखीखाली वाद्यवृंदाची प्रत तयार होई. हे काम करणाऱ्यांत सगळ्यात महत्त्वाचे वियेरी तोसात्ती, स्वतः ऑपेरा लिहिणारे रोमचे संगीतकार.

म्हणजे खरा संगीतकार कोण? शेल्सी की तोसात्ती?

हा वाद शेल्सींच्या मृत्यूनंतर काही महिन्यांतच पेटला. जानेवारी १९८९ मध्ये इटलीतल्या एका संगीतविषयक मासिकात तोसात्तींनी जाहीर केलं की शेल्सी म्हणजे मीच. खूप गदारोळ झाला.

माझं मत सांगते. तोसात्तींचं श्रेय लपवलं गेलं हा अन्याय होता. प्रतीवर त्यांचं नाव यायला हवं होतं. फितीवरच्या थरथरीला कोणतं वाद्य द्यायचं आणि ती कागदावर कशी उतरवायची, हे हलकं काम नव्हे. पण ज्याने बोटं फिरवली, ज्याने तो सूर तासन् तास ऐकला, ती दृष्टी शेल्सींची. तोसात्तींच्या स्वतःच्या नावावरचं संगीत ऐका, त्यात या जगाची चाहूलही नाही. आपल्याकडे मैफल गवयाची असते. तिचं स्वरलेखन करून ठेवणाऱ्याचे उपकार असतात, पण गाणं गवयाचंच राहतं. फरक इतकाच की इथे स्वरलेखनावरून पुन्हा सव्वीस माणसं वाजवणार असतात, म्हणून लिहिणाऱ्याचा वाटा मोठा.

त्या शेकडो फिती आज रोममध्ये त्यांच्या बहिणीच्या नावाने चालणाऱ्या इसाबेल्ला शेल्सी फाउंडेशनकडे आहेत आणि अभ्यासकांना ऐकता येतात.

यावर भारतीय संगीताचा प्रभाव आहे का? एखादा राग आहे का?

राग नाही. रागाला आरोह-अवरोह लागतो, वादी-संवादी लागतात, चलन लागतं. एका सुराचा राग होत नाही.

भारतीय विचाराशी मात्र त्यांचं नातं खरं होतं. योग आणि पौर्वात्य तत्त्वज्ञान यांचं त्यांचं वाचन मोठं होतं. त्यांच्या १९५३ सालच्या एका पियानोरचनेचं नाव ‘विष्णूच्या रूपांतरांवरील चार चित्रं’ असं आहे, आणि तिच्या चार भागांची नावं शेषशायी विष्णू, वराहावतार, रामावतार, कृष्णावतार. ‘आयॉन’ या १९६१ सालच्या वाद्यवृंदरचनेचं उपशीर्षक ‘ब्रह्मदेवाच्या एका दिवसातले चार प्रसंग’. आणि ‘कोंक्स-ओम-पाक्स’ या त्यांच्या रचनेत शेवटी गायकवृंद ॐकार उचलतो.

एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. ‘आनाहित’ या त्यांच्या व्हायोलिनरचनेचं नाव वाचून आपल्या लोकांना लगेच अनाहत नाद आठवतो. ते नाव शुक्राच्या देवतेचं, इराण-आर्मेनियाकडचं आहे.

मग ध्यानाला बसताना लावू का?

नका लावू, निदान पहिल्यांदा तरी. ‘एकच सूर’ म्हटल्यावर लोक मंद, गोड, झोप आणणारं काहीतरी अपेक्षितात आणि मग दचकतात. यात ट्रॉम्बोन आणि ट्यूबा गुरगुरतात, ढोल येतात, झांजेचा पत्रा सळसळतो. चौथ्या भागात तर सूर अंगावर येतो. ही शांती मिळवलेली आहे, आयती नाही.

व्हायोलिन का नाहीत?

वाद्यवृंद म्हटलं की पुढे बसलेला व्हायोलिनांचा ताफा डोळ्यांसमोर येतो. इथे तो नाहीच. तंतुवाद्यं फक्त खालच्या आवाजाची: दोन व्हायोला, दोन चेलो, एक डबल बास. बाकी सगळी फुंकायची, त्यांत चार हॉर्न, तुतारीच्या जातीची तीन ट्रम्पेट, सॅक्सोफोन. आघातवाद्यं आहेत, आणि एक करवतही आहे, गज फिरवून वाजवायची.

मला यामागचं कारण असं वाटतं की व्हायोलिनचा ताफा आला की सूर लगेच गाऊ लागतो, त्याला धून हवीशी होते. फुंकलेल्या सुराला शरीर असतं. त्याला श्वास सुरू होण्याची जागा असते, तो भरतो, दमतो. खालच्या सुरात पोटातले सूरही जास्त ऐकू येतात.

वादकांना यात अवघड काय? एकच सूर तर धरायचा!

हेच सगळ्यात अवघड. बोटांना काम कमी, कानाला सगळं. शेजारचा हॉर्नवादक पाव स्वर चढतोय आणि मला माझ्या जागेवरून हलायचं नाही, हे करून बघा. एकमेकांकडे ओढलं जाणं हा वाद्यवृंदाचा स्वभाव आहे. सगळं प्रशिक्षण एकत्र मिळण्याचंच असतं. इथे मिळायचं कधी आणि किती फटकून राहायचं, हे प्रतीत लिहिलेलं असतं. पुढे १९६४ सालच्या, चार तंतुवाद्यांसाठीच्या चौथ्या चतुष्टकात तर शेल्सींनी वाद्याच्या प्रत्येक तारेसाठी स्वतंत्र ओळ लिहिली.

एका सुरावर याआधी कोणी काही केलं नव्हतं?

केलं होतं. इंग्लंडच्या पर्सेलची सतराव्या शतकातली एक फँटेझिया आहे, तिच्यात एक वाद्य सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच सूर धरून बसतं आणि बाकीची भोवती खेळतात. आल्बान बर्ग यांच्या ‘वोत्सेक’ ऑपेरात खुनाचा प्रवेश एका सुरावर बांधलेला आहे. तो सूर पांढरी सातच. एलियट कार्टर यांचा चार फुंकवाद्यांसाठीचा एक छोटा अभ्यास एका सुरावर आहे, आणि लिगेतींच्या एका पियानोमालिकेचा पहिला तुकडा शेवटच्या क्षणापर्यंत एका सुरावर चालतो. पण यांत कुठे तो सूर पाया आहे, कुठे नाट्याचं साधन, कुठे कसरत. सूर हेच घर आणि सूर हाच रहिवासी, असं शेल्सींकडे झालं.

नाव व्हायला इतका उशीर का लागला?

ते कोणत्या गटात नव्हते, शिकवत नव्हते, मुलाखतींना तयार नव्हते. हौशी सरदार म्हणून इटलीत त्यांना टाळलं गेलं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला रोममध्ये शिष्यवृत्तीवर आलेले त्रिस्तां म्युराय आणि जेरार ग्रिसे हे तरुण फ्रेंच संगीतकार त्यांना भेटले, आणि सुराच्या पोटातल्या सुरांवर रचना बांधणाऱ्या त्यांच्या पिढीला शेल्सी वडीलधारे वाटले. १९८७ मध्ये जर्मनीतल्या कलोनच्या महोत्सवात त्यांच्या मोठ्या रचना वाजल्या तेव्हा ते ब्याऐंशी वर्षांचे होते.

पहिल्यांदा कसं ऐकावं?

मोबाइलच्या स्पीकरवर नको. त्यावर खालचे सूर गळून पडतात आणि उरतो तो फक्त भोंगा. हेडफोन लावा किंवा खोलीत बरा स्पीकर असू द्या. युर्ग विटनबाख यांनी पोलंडमधल्या क्राकोवच्या रेडिओ वाद्यवृंदाकडून वाजवून घेतलेलं ध्वनिमुद्रण मी बहुतेकांना सुचवते.

एका बैठकीत चारही भाग ऐकले पाहिजेत असं नाही. पहिला ऐका, थांबा. तो सूर स्वतः गुणगुणून बघा, आपल्या गळ्यात तो किती हलतो ते लक्षात येईल. मग पुन्हा तोच भाग लावा आणि या वेळी फक्त वरच्या सप्तकाकडे कान द्या. तिसऱ्या वेळी फक्त खालच्या. लहान मुलं हे आपल्यापेक्षा लवकर पकडतात. माझ्या मैत्रिणीचा नऊ वर्षांचा मुलगा पहिला भाग संपल्यावर म्हणाला, “मावशी, तो आवाज जवळ येऊन बघून गेला.”

आणि चौथा भाग?

तो शक्यतो शेवटी आणि ताज्या कानाने. पांढरी सहा हा तोच सूर, जो पाश्चात्त्य मैफलीत सुरुवातीला ओबोवादक देतो आणि सगळे आपली वाद्यं त्याला मिळवून घेतात. कधी वाद्यवृंदाला गेलात तर पडदा उघडल्यानंतरचं ते अर्धं मिनिट आठवा: ओबोचा सरळ सूर, त्यावर एकेक वाद्य चढतं, कोणी किंचित खाली, कोणी वर, आवाज फुगतो, घासतो, मग हळूहळू एक होतो आणि शांतता पसरते. त्यानंतर टाळ्या आणि ‘खरं’ संगीत. शेल्सींनी ते अर्धं मिनिट उघडून आत काय आहे ते दाखवलं.